हवेचा वाटा

वाणसामानाच्या यादीत कधी लिहावी लागत नाही आणि जिचे पैसेही पडत नाहीत, अशी एक वस्तू आपल्या स्वयंपाकघरात सतत राबत असते. ती म्हणजे हवा. उडदाची वाटलेली डाळ हाताने फेटत राहिलं की पीठ पांढरं होत जातं आणि दहीवडा तोंडात विरघळतो, ते तिच्यामुळे. नानकटाईचं तूप फेसताना ती तुपात शिरते. कपात कॉफी, साखर आणि दोन थेंब पाणी घेऊन चमच्याने फेटलं की गडद तपकिरी रंग हळूहळू बदामी होतो, तोही तिनेच उजळलेला असतो. इतकं करूनही पदार्थाचं कौतुक होताना आपण तुपाचं, दुधाचं, हाताच्या चवीचं नाव घेतो. हवेचा वाटा कुणी सांगत नाही.

मला तो नीट दिसला तो क्रीम चीजच्या निमित्ताने. माझी मावसबहीण न्यू जर्सीत राहते. तिच्या फ्रीजमध्ये एकाच क्रीम चीजची दोन रूपं शेजारीशेजारी होती. एक चंदेरी कागदात गुंडाळलेली आयताकृती वडी, दुसरं गोल डब्यातलं, फेटून हलकं केलेलं. दोन्ही दुधाचीच, दोन्हींना तीच मंद आंबट चव आणि तोच मिठाचा पुसट स्पर्श. पण थंड वडीवर सुरी चालवली तर तिचा जाड तुकडा निघायचा आणि पावावर पसरताना पावच फाटायचा. डब्यातलं चीज मात्र सुरीच्या टोकावर आपणहून चढायचं, पावावर मऊ लाटा उमटवत पसरायचं आणि जिभेवर ठेवलं की क्षणभर आहे-नाही असं होऊन मग त्याची चव दाटून यायची. एकच पदार्थ, एकच चव आणि तरी खाण्याचा अनुभव दोन टोकांचा. मधला फरक निव्वळ हवेचा होता.

हे चीज जन्मलं त्याच परिसरात. न्यूयॉर्क राज्यातल्या ऑरेंज काउंटीत चेस्टर नावाचं गाव आहे. तिथला विल्यम लॉरेन्स हा दूध-व्यावसायिक १८७० च्या दशकात नॉर्मंडीच्या नूशातेल चीजच्या धर्तीवर मऊ, ताजं चीज बनवत होता. नूशातेल फ्रान्समधलं जुनं चीज आहे, त्याच्या वड्या अनेकदा बदामाच्या आकाराच्या असतात. लॉरेन्सने त्या पद्धतीच्या चीजमध्ये वरून मलई घातली आणि अधिक स्निग्ध, अधिक गुळगुळीत असं काहीतरी तयार झालं. १८८० मध्ये रेनॉल्ड्स नावाच्या न्यूयॉर्कच्या चीज-व्यापाऱ्याने ते चंदेरी वर्खात गुंडाळून ‘फिलाडेल्फिया’ नावाने विकायला काढलं. ते फिलाडेल्फियात बनत नव्हतं. त्या शहराच्या आसपासच्या दुधदुभत्याला त्या काळी मोठा मान होता, म्हणून ते नाव. पुढे अमेरिकी कायद्याने क्रीम चीजची व्याख्याच ठरवून टाकली: स्निग्धांश किमान ३३ टक्के आणि पाणी जास्तीत जास्त ५५ टक्के. याहून कमी स्निग्धांशाचं, याच जातीचं चीज तिथे आजही नूशातेल याच नावाने विकलं जातं.

त्याला खरं घर मिळालं ते न्यूयॉर्क शहरात. पूर्व युरोपातून आलेल्या ज्यू कुटुंबांनी सोबत बेगल आणला होता. बेगलचं कडं आधी पाण्यात उकळतात आणि मग भाजतात, म्हणून त्याला बाहेरून चकाकणारी कातडी आणि आतून चिवट गर असतो. अशा चिवट, दमदार पावाला जोडीदार मऊच हवा. लोअर ईस्ट साइडच्या गल्ल्यांतून ही जोडी जमली आणि आता न्यूयॉर्कचा सकाळचा नाश्ता तिच्याशिवाय सांगता येत नाही. तिथल्या बेगलच्या दुकानात काचेमागे क्रीम चीजच्या रांगाच असतात. कशात कांद्याची पात चिरून घातलेली, कशात शेपू, कशात भाज्यांचे बारीक तुकडे. ती शेपूची हिरवी कुसळं पाहून मला सांगलीची मंडई आठवली. आपल्याकडे शेपूचं नाव काढलं की अर्धं घर नाक मुरडतं. तिथे तोच शेपू थंड, आंबट, स्निग्ध चीजच्या पोटात बसून इतका सौम्य होतो की नाक मुरडणारेही दुसऱ्यांदा मागून घेतात.

त्या वेळी माझी मावशीही लेकीकडे आली होती. सांगलीतल्या दुधदुभत्याच्या घरात वाढलेली बाई. तिने डबा हातात घेतला, वर-खाली केला, वजनाचा अंदाज घेतला आणि म्हणाली, “अगं, यात निम्मी हवाच आहे की! हवेचे कसले पैसे घेतात हे लोक?”

तिचं म्हणणं उडवून लावण्यासारखं नव्हतं. कारखान्यात क्रीम चीज फेटताना त्यात हवा किंवा नायट्रोजन वायू मिसळतात, म्हणून त्याच चमच्यात कमी वजनाचं चीज येतं. खाणाऱ्याच्या पोटात उष्मांक कमी जातात हे खरं, पण पैसे मोजताना आकारमानावर भुलायचं की वजनावर, हा गिऱ्हाइकाचा प्रश्न राहतोच. हवा विकण्याचा मोह इतका जुना आणि इतका सोपा आहे की कायद्याला तिथे लक्ष घालावं लागलं. भारतात आइस्क्रीमच्या एका लिटरचं वजन ५२५ ग्रॅमपेक्षा कमी असता कामा नये, असा अन्नसुरक्षेचा नियम आहे. आइस्क्रीमचं न फेटलेलं मिश्रण पाण्याहून थोडं जडच असतं. म्हणजे ढोबळ हिशेबाने निम्मी जागा हवेला द्या, पण त्यापुढे जाऊ नका, असं कायदा सांगतो. हवा हा आइस्क्रीमचा घटक आहे हे तो मान्य करतो आणि तिला मर्यादाही घालून देतो. मला ही भूमिका फार समंजस वाटते.

मावशीच्या बोलण्यात फक्त पैशांचा हिशेब नव्हता. त्यामागे आपल्या सगळ्यांची एक चव होती. दुधाच्या पदार्थात आपण घट्टपणाला मान देतो. दही कसं, तर सुरीने कापावं असं. श्रीखंड कसं, तर चमचा उभा राहील असं. बासुंदी आटलेली हवी, पेढा दाबून वळलेला हवा, खवा भरीव हवा. पाणी जितकं कमी तितकी वस्तू अस्सल, हे समीकरण पिढ्यान्‌पिढ्या आपल्या जिभेवर बसलेलं आहे आणि त्याला सबळ कारण आहे. ज्या घरात दुधात पाणी घालणाऱ्याशी रोज गाठ पडे, तिथे घट्टपणा हाच प्रामाणिकपणाचा पुरावा होता. अशा जिभेला हलकेपणा म्हणजे काहीतरी लपवलेलं, काहीतरी कमी दिलेलं वाटणं साहजिक आहे.

म्हणून मला हे चीज घरी करून बघावंसं वाटलं. बाजाराच्या हिशेबातून सुटलेली हवा कशी लागते, ते पाहायचं होतं. पुण्यात परत आल्यावर मी दूध मांडलं आणि तेव्हापासून ते आमच्या घरात होत आलं आहे.

क्रीम चीजचा पहिला अर्धा भाग कुठल्याही मराठी बाईला शिकवावा लागत नाही. तो चक्क्याचाच रस्ता आहे, फक्त मलईने श्रीमंत केलेला. एक लिटर सहा टक्क्यांचं म्हशीचं दूध घेतलं तर त्यात साधारण ६० ग्रॅम स्निग्धांश येतो. नुसत्या त्या दुधाचा चक्का केला तर तो चांगला होतो, पण क्रीम चीजच्या स्निग्धतेला पोचत नाही. म्हणून पाव लिटर क्रीम घालायचं. ते २५ टक्क्यांचं असेल तर आणखी साठेक ग्रॅम स्निग्धांशाची भर पडते. एकूण १२० ग्रॅमच्या आसपास. आता पाणी निथळून गोळा ३६० ग्रॅमवर आला की स्निग्धांश एक तृतीयांश झाला, म्हणजे चेस्टरच्या लॉरेन्सच्या वारशाशी आपलं घरचं भांडं जुळलं. हा कागदावरचा हिशेब आहे, थोडा स्निग्धांश पाण्याबरोबर वाहून जातोच, पण वजनकाटा जवळ ठेवला की फडक्यातला गोळा कधी उतरवायचा हे त्यावरून नेमकं कळतं.

दूध आणि क्रीम एकत्र तापवून, कोमट करून मी त्याला घरच्या लोण्याच्या ताकाचं विरजण लावते. परदेशात क्रीम चीजसाठी जे जिवाणू वापरतात ते साधारण खोलीच्या तापमानाला, सावकाश काम करणारे असतात आणि चवीत लोण्यासारखा गंध आणतात. घरच्या ताकात त्यांची भावंडं नांदत असतात. त्यांना घाई करायची नाही. उबेला ठेवून पाच-सहा तासांत आंबट दही लावण्यापेक्षा थंडीच्या दिवसांत ओट्याच्या कोपऱ्यात रात्रभर आणि पुढची सकाळभर राहू द्यावं. दुधातली साखर हळूहळू आम्लात बदलते. आम्लता वाढत ४.६ सामूच्या आसपास आली की एकमेकांना दूर लोटणारे केसिनचे कण हात सैल सोडतात, एकमेकांना धरतात आणि त्यांच्या जाळ्यात स्निग्धांशही अडकतो आणि पाणीही. दही लागणं म्हणजे एवढंच. रोज आपल्या घरात कोणाच्याही देखरेखीशिवाय हे घडत असतं.

मग मलमलीचं फडकं, गाठ, आणि नळाच्या वरच्या खुंटीला टांगलेलं ते पांढरं गाठोडं. पहिल्या तासात धार लागते, नंतर थेंब पडतात, मग थेंबांमधलं अंतर वाढत जातं. उन्हाळ्यात मी ते चाळणीत ठेवून फ्रीजमध्येच निथळवते, नाहीतर आंबटपणा पुढे जातो. खाली जमलेलं हिरवट-पिवळं पाणी टाकू नये. त्यात प्रथिनं आहेत, साखर आहे. पोळ्यांची कणीक त्यात भिजवली की पोळी मऊ राहते आणि कढीत ते घातलं तर दही कमी लागतं. ठरल्या वजनाला आलेला गोळा उतरवायचा आणि त्यात अर्धा चमचा मीठ मिसळायचं. चव घेतली की कळतं, हा चक्का आहे आणि चक्का नाहीही. चक्क्याची रवाळ धार याला नाही, मलईने तिच्यावर साय धरली आहे.

इथवरचा प्रवास पाणी काढण्याचा. श्रीखंडाचा रस्ता इथून साखरेकडे आणि पुरणयंत्राकडे वळतो. चक्का घोटायचा, गाठी मोडायच्या, गुळगुळीत करायचा, पण त्याचा घट्टपणा जपायचा. आपला रस्ता इथे वेगळा होतो. पाणी काढून रिकाम्या झालेल्या जागेवर आता हवेला बोलवायचं आहे.

यात तापमानाला सगळ्यात जास्त किंमत आहे. फ्रीजमधून काढलेलं चीज थेट फेटायला घेतलं तर त्यातला स्निग्धांश कडक असतो, गाठी राहतात आणि हवा आत शिरत नाही. अर्धा-पाऊण तास बाहेर ठेवून बोट सहज रुतेल इतकं मऊ करावं. पसरट भांड्यात घेऊन विजेच्या फेटणीने मध्यम वेगाने, नाहीतर हाताच्या जाळीदार फेटणीने फेटायला लागावं. सुरुवातीला ते फेटणीत अडकून बसतं, जड वाटतं. दोन-तीन चमचे गार दूध थोडं थोडं घातलं की ते सैलावतं. मग त्याचा रंग बदलतो. पिवळसर छटा फिकी होत पांढरी होते, कारण आत शिरलेले असंख्य बारीक बुडबुडे प्रकाश सगळीकडे पसरवू लागतात. आवाजही बदलतो. आधी भांड्याच्या कडेवर थपथप पडणारा गोळा आता मऊ, पोकळ आवाज करतो. फेटणी उचलली की मागे लहान लहान शेंडे उभे राहतात आणि सावकाश वाकतात. साधारण चार-पाच मिनिटांचं काम. त्यापुढे फेटत राहिलं तर चीज गरम होतं, आतली वीण ढासळते आणि ते पातळ पडतं.

याहून हलकं हवं असेल तर दुसरी वाट आहे. ३० टक्क्यांहून जास्त स्निग्धांशाचं क्रीम बर्फासारखं गार करावं, भांडंही गार करावं, आणि ते वेगळं फेटून मऊ शेंडे येईपर्यंत फुलवावं. अडीचशे ग्रॅम चीजला शंभर मिलिलिटर क्रीम पुरतं. फुललेलं क्रीम मऊ चीजमध्ये रबरी उलथन्याने खालून वर, खालून वर असं हलक्या हाताने मिसळायचं, ढवळायचं नाही. इथे गारवा का हवा, तेही समजून घेण्यासारखं आहे. क्रीममधले स्निग्धकण गार असताना अर्धे घट्ट, अर्धे मऊ असतात. फेटताना त्यांचं आवरण ठिकठिकाणी फाटतं आणि ते हवेच्या बुडबुड्याभोवती एकमेकांना चिकटत जातात. पूर्ण मिसळून जात नाहीत, नुसते खांद्याला खांदा लावून उभे राहतात आणि बुडबुडा आत सुरक्षित राहतो. क्रीम कोमट असेल तर कण वितळलेले असतात, ते उभे राहतच नाहीत आणि फेस बसतो.

आणि थांबलं नाही तर? तर तेच कण पूर्ण एकवटतात, मधली हवा बाहेर फेकली जाते, पाणी वेगळं होतं आणि भांड्यात लोण्याचा गोळा तरंगू लागतो. हे मला कुठल्या पुस्तकाने सांगायची गरज नव्हती. आमच्या आजीच्या घरी खांबाला दोरी बांधून मोठी रवी फिरायची. थंडीत ताकात ऊन पाणी घालायचं, उन्हाळ्यात माठातलं गार पाणी घालायचं, हे तिला कुणी तापमापक हातात देऊन शिकवलं नव्हतं. रवी फिरू लागली की आधी वर फेस चढायचा, डेऱ्याच्या काठापर्यंत यायचा, मग तो फेस अचानक खाली बसायचा आणि पिवळसर कण दिसू लागायचे. आम्हा मुलांना त्या कणांचीच ओढ. फेसाकडे कुणी पाहायचं नाही. तो लोण्याच्या वाटेवरचा थांबा होता, तिथे कुणी उतरत नसे.

फेटलेलं क्रीम चीज करताना मला वाटतं की आपण त्या थांब्यावर उतरतो आहोत. पिढ्यान्‌पिढ्या आपल्या घरांत रोज तो फेस चढत होता आणि रोज तो ओलांडून आपण लोण्यापर्यंत जात होतो, कारण लोणी टिकतं, कढवता येतं, तुपाच्या रूपाने वर्षभर साठवता येतं. फेस साठवता येत नाही. ज्या घराला उद्याची चिंता आहे त्याने लोण्यापर्यंत जाणं शहाणपणाचंच होतं. आज आपल्याकडे फ्रीज आहे, क्रीम विकत मिळतं, तेव्हा एखाद्या सकाळी त्या थांब्यावर उतरून पाहायला हरकत नाही. तिथेही एक सुख आहे आणि ते त्याच दुधाचं आहे.

फार विचार केल्यावर लक्षात आलं की हवेचा हा अव्हेर आपल्या सगळ्या स्वयंपाकात नाही. दुधाच्या पदार्थांत आपण तिला दूर ठेवलं, पण तुपात तिला मानाने आत घेतलं. चिरोट्यांचा साटा करताना घट्ट तूप परातीत घेऊन तळहाताने फेसतात. एकाच दिशेने, न थांबता. तूप पांढरं होतं, दुप्पट दिसू लागतं, मग त्यात तांदळाची पिठी मिसळतात. नीट फेसलं गेलं की नाही याची परीक्षाही ठरलेली आहे: थोडं वाटीभर पाण्यात सोडायचं, सहज तरंगलं पाहिजे. दहीवड्याच्या पिठालाही हीच परीक्षा. आपल्या आयाबायांनी हवेचं माप पाण्यावर तोलून घेतलं होतं. ५२५ ग्रॅमचा नियम त्यांना माहीत नव्हता, पण हलकेपणा मोजता येतो आणि मोजावा, हे माहीत होतं.

पुढच्या दिवाळीत मावशी पुण्याला आली तेव्हा मी तिच्यासमोर चीज फेटायला घेतलं. तिने थोडा वेळ पाहिलं, मग माझ्या हातातलं भांडं स्वतःकडे ओढलं, फेटणी बाजूला ठेवली आणि तळहाताने सुरू केलं, परातीतलं तूप फेसावं तसं. “एका दिशेने फिरव गं,” म्हणाली, “सारखी दिशा बदलू नको.” हाताच्या उबेने चीज लवकर मऊ झालं आणि बघता बघता पांढरं पडलं. खाऊन झाल्यावर ती म्हणाली, “ही हवा आपण घातलीय. हिचे पैसे कोण मागतो?” तिचा मूळ आक्षेप तिने मागे घेतला नव्हता. विकत घेतलेली हवा आणि घातलेली हवा यांत तिने फरक केला होता, आणि तो फरक मला पटतो. दुकानातल्या डब्यातली हवा यंत्राने भरलेली असते आणि तिची किंमत वेष्टनावर छापलेली असते. घरच्या भांड्यातल्या हवेत कुणाचा तरी दंड भरून आलेला असतो. फुकट मिळणारी ही एकच वस्तू अशी आहे की ती पदार्थात उतरवायला हात लागतो.

घरच्या चीजच्या मर्यादाही नीट माहीत असाव्यात. विकतच्या क्रीम चीजमध्ये बहुधा थोडा वनस्पतिजन्य डिंक असतो. कुठे कॅरोबच्या बियांचा, कुठे गवारीच्या बियांचा. त्याचं प्रमाण अमेरिकेत अर्ध्या टक्क्याच्या आत ठेवावं लागतं. हा डिंक पाणी धरून ठेवतो, म्हणून डबा उघडल्यावर वर पाणी सुटलेलं दिसत नाही. आपण डिंक घालत नाही, म्हणून दुसऱ्या दिवशी कडेला थोडं पाणी दिसतं आणि फुलोराही किंचित बसतो. बिघडलं असं समजू नये, पाणी निथळून पुन्हा दोन मिनिटं फेटावं. झाकण घट्ट लावून फ्रीजमध्ये ठेवावं, कोरड्या चमच्याने काढावं आणि चार-पाच दिवसांत संपवावं. एकावेळी थोडंच करावं. हा साठवणीचा पदार्थच नाही.

खायचं कशाबरोबर, तर आपल्या घरात जागा भरपूर आहेत. भाजणीच्या खमंग थालीपिठावर लोण्याचा गोळा ठेवतो, तिथे हे ठेवून पाहावं. थालीपिठाच्या उबेने ते कडेने वितळू लागतं आणि आंबटपणामुळे भाजणीतले धने-जिरे जास्त उठून येतात. शेपूची कोवळी पानं किंवा कांद्याची पात बारीक चिरून घातली की न्यूयॉर्कची चव. हिरव्या मिरचीचा थोडा ठेचा आणि भाजलेला लसूण घातला की ते कोल्हापुरात येऊन पोचतं आणि ज्वारीच्या भाकरीशी त्याचं छान जमतं. ओल्या वस्तू मात्र कोरड्या करून घालाव्यात, नाहीतर चीज सैल पडतं. गोड हवं असेल तर थोडी पिठीसाखर घालून फेटावं आणि हिवाळ्यात महाबळेश्वर-पाचगणीच्या स्ट्रॉबेरीबरोबर द्यावं. स्ट्रॉबेरीचा आंबटपणा आणि चीजचा आंबटपणा वेगळ्या जातीचे आहेत, ते एकमेकांना मारत नाहीत.

मला आता असं वाटतं की भरीवपणा आणि हलकेपणा यांत एक खरं आणि दुसरं खोटं असं काही नसतं. श्रीखंडाने घट्टच असावं, त्याच्या घट्टपणावर माझा पूर्ण जीव आहे आणि कुणी त्यात हवा फेटायला निघालं तर मी आधी अडवीन. पण घट्टपणाच्या प्रेमापोटी हलक्या गोष्टींवर संशय घेत राहिलं तर चवीची एक अख्खी बाजू आपल्याला पारखी होते. चव जिभेपर्यंत पोचायला जागा लागते. फेटलेलं चीज लवकर विरघळतं, जिभेवर पटकन पसरतं, म्हणून थोड्या चीजची चव पुरेशी वाटते. हवा पदार्थाला पातळ करत नाही, ती त्याला मोकळा करते. म्हाताऱ्या माणसांना, आजारातून उठलेल्यांना, दात न आलेल्या आणि दात पडलेल्या सगळ्यांना हा मोकळेपणा हवा असतो. मावशी हल्ली कडक पाव खात नाही, पण मऊ पोळीला लावून हे आवडीने खाते.

तेव्हा माझं सांगणं एवढंच. फेटलेलं, फुलवलेलं काहीही विकत घेताना डब्याचा आकार पाहू नका, वेष्टनावरचं वजन वाचा आणि त्यावर किंमत ठरवा. आणि सुट्टीच्या दिवशी घरात मलई-दूध असेल तर एकदा विरजण लावा, फडक्यात बांधा, मऊ करा आणि मन लावून फेटा. बाजारात हवेचा हिशेब काटेकोर ठेवा, घरी मात्र ती घालताना हात आखडू नका.